मला जिवंत करू नका

मी जिवंत असल्याची बातमी मला चार पोरांनी घरी येऊन दिली. दुपारची वेळ होती. रोह्याच्या खोलीत पंख्याखाली मी भिजवलेले वाल सोलत बसलो होतो. हे काम एकट्याने करायचं नसतं. चार हात आणि दोन तोंडं असली की वाल कधी संपले ते कळत नाही. एकट्याची मात्र वाटीभर वालांत अख्खी दुपार जाते. मी तेवढ्यासाठीच ते करतो. दुपार जायला तर पाहिजे.

पोरं आमच्या गावची, पेणच्या खाडीकाठची. पोरं म्हणायचं आपलं, तिशीला टेकलेले बाप्ये ते. दोघं डोलवीच्या स्टील कंपनीत कंत्राटावर, एक धाटावला, आणि चौथा मोबाइलवर नाटकं लिहितो. आत आले, पाया पडले, पंख्याखाली दाटीवाटीने बसले, आणि तो नाटकवाला म्हणाला, "काका, एक नंबर बातमी हाय. तुमी मेलेलाच नाय."

"बरं झालं सांगितलंस," मी म्हटलं. "मला रोज सकाळी शंका येते."

ते हसले, मीही हसलो. माझ्या खोलीत एका वेळी पाच माणसं हसल्याला बरीच वर्षं झाली होती. म्हणून मी त्यांना चहा केला आणि ते काय सांगतात ते निमूट ऐकून घेतलं. चहा संपेपर्यंत माझा राग मस्तकात गेला होता.

आता हे मरण-जगण्याचं काय प्रकरण आहे ते सांगतो. आमच्या गावात गावदेवीच्या जत्रेला दरवर्षी एकच नाटक होतं. माझ्या लहानपणी शाळेवर आलेल्या एका मास्तरांनी ते लिहिलं, ते मास्तरही आता नाहीत. नाटकात एक बांधाचा राखणदार आहे. तापट, तोंडाळ, पोरीवर जीव टाकणारा. उधाणाच्या भरतीला गावच्या बांधाला खांड जाते. खांड म्हणजे बांध फुटून पडलेलं भगदाड. त्यातून खारं पाणी एकदा शेतात शिरलं की पुढची दोन-तीन वर्षं तिथे भात होत नाही, त्यामुळे खांड गेली म्हटली की आमच्याकडे माणूस हातातला घास टाकून पळतो. नाटकातला गावही पळतो. लोक चिखलाचे गोळे टाकत राहतात आणि टाकलेला गोळा पाणी घेऊन जातं. शेवटी तो राखणदार पाठीला बांबूची तट्टी लावून स्वतः खांडीत उभा राहतो आणि म्हणतो, "टाका." लोक थबकतात. तो ओरडतो, "टाका रे, थांबलात तर उद्या सगल्यांच्या ताटात मीठ." मग लोक टाकतात. गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत, गळ्यापर्यंत. खांड बुजते. तो बाहेर येत नाही.

हा चिखल खरा असतो. सकाळी खाडीतून आणून रंगमंचाच्या कडेला त्याचा ढीग लावतात. आणि गावची रीत अशी की चिखल नुसत्या नटांनी टाकायचा नाही. "टाका" म्हटल्यावर प्रेक्षकांतून ज्याला वाटेल त्याने वर यावं, एक गोळा उचलावा आणि राखणदाराच्या अंगावर टाकून खाली जावं. सरपंच येतात, म्हाताऱ्या येतात, नवीन लग्न झालेल्या सुना पदर खोचून येतात. कुणी बोलत नाही. नाटक संपल्यावर बाकीचे नट नमस्काराला उभे राहतात, राखणदार राहत नाही. मेलेल्या माणसाने वाकून टाळ्या कसल्या घ्यायच्या, असं मास्तर म्हणायचे.

तो राखणदार पंचवीसेक वर्षं मी केला. नोकरी धाटावच्या केमिकल कंपनीत, तिन्ही शिफ्टची. बिऱ्हाड रोह्यात. गावचं घर भावाकडे गेलं आणि शेत विकलं गेलं. जत्रेच्या आठवड्यासाठी मी वर्षभर दुसऱ्यांच्या रात्रपाळ्या करून ठेवायचो. गावात माझं म्हणावं असं ते एक मरण तेवढं उरलं होतं.

बायको माझी रोह्याकडची, आतल्या गावातली, भात-वालवाल्यांच्या घरातली. खाडी तिने लग्नाआधी पाहिलेली नव्हती. पहिल्या वर्षी मला चिखलात बुजवताना पाहून ती उठून चालती झाली आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. दुसऱ्या वर्षी तिने वर येऊन गोळा टाकला. तो टाकताना माझ्या कानाशी वाकून पुटपुटली, "लुंगी सुटलेय तुमची." मला मरता मरता हसू आवरेना. पुढे तिला त्या मरणातलं सगळं कळायला लागलं. परतीच्या गाडीत बसल्यावर ती न्यायनिवाडा करायची. "औंदा जरा लवकर मेलात." किंवा, "आवाज छान लागला, पण डोळे मिटायची घाई केलीत." एकदाच म्हणाली, "आज खरा मेलात," आणि तेव्हा तिने नागोठणं येईपर्यंत माझा हात सोडला नाही.

ती चार वर्षांपूर्वी गेली. आजार लांबला, मग एकदम आटोपलं. मी रडलो नाही. आलेल्यांना बसायला सतरंज्या घातल्या, मुंबईच्या मेहुण्याला गाडीची वेळ सांगितली, डब्यातली तिची औषधं परत करायला दुकानात गेलो. लोक म्हणाले, धीराचा माणूस आहे. धीर नव्हता तो. ती शेजारी कुणाकडे तरी बसली आहे आणि येईलच, असं मला वाटत होतं. ते वाटणं जाईना. आमटी करताना मी मीठ कमी घालायचो, कारण वरून ती घालायची.

मग जत्रा आली. भावजय म्हणाली की वर्ष झालेलं नाही, यंदा उभं राहू नका. मी राहिलो. "टाका" म्हटलं, आणि लोक वर यायला लागले. चिखलाचा गोळा छातीवर पडतो तेव्हा थंड असतो, मग अंगाच्या उबेने हळूहळू कोमट होतो. मी डोळे मिटून उभा होतो आणि त्या गोळ्यांमधून तिच्या हातचा ओळखायचा प्रयत्न करत होतो. माणसं येत राहिली, संपली, आणि तो आला नाही. तेव्हा मला कळलं की ती मेली आहे. सगळ्या गावासमोर, गळ्यापर्यंत चिखलात, मी ओक्साबोक्शी रडलो. लोकांना वाटलं, काय काम केलं काकांनी. दुसऱ्या दिवशी रोह्याला येऊन मी आमटीत बेताचं मीठ घातलं. त्या नाटकाने मला हे दिलं, आणि ते मी कुणाला सांगितलेलं नव्हतं.

आता पोरांनी आणलेलं नाटक. यंदाच्या जत्रेला जुन्याऐवजी हे करायचं आणि राखणदार मीच व्हायचं, असं त्यांचं म्हणणं. जुन्या नाटकात राखणदाराची एक लहान मुलगी आहे, तिला एकच वाक्य आहे. तिच्यावर यांनी नवीन नाटक रचलं होतं. ती मोठी होते, शिकते, सरकारी साहेबीण होते. अलिबागला निघालेली असताना तिची गाडी वडखळला नाक्यावर थांबते. ती वडा मागवते. वडा देणाऱ्या म्हाताऱ्याच्या हातावरचा डाग ओळखून ती किंचाळते, "बाबा." तर म्हणे त्या रात्री राखणदार खांडीतून पलीकडे खाडीत ओढला गेला, वाहत वाहत कुठेतरी लागला, डोक्याला मार बसून सगळं विसरला, आणि वीस वर्षं वडखळला वडे तळतो आहे.

वडखळला. जिथे अख्खा पेण तालुका नाश्त्याला थांबतो, तिथे वीस वर्षं याला गावचं एकही माणूस भेटलं नाही.

पोरं गेल्यावर मी ते फोनवर वाचलं. हसायला म्हणून वाचायला घेतलं, खरं सांगतो. पण शेवटी एक प्रवेश आहे. लेक बापाला घरी आणते, बायको चुलीपुढे पाठमोरी असते, आणि तो नुसता म्हणतो, "आमटीला मीठ कमी हाय गो." पोराने चांगलं लिहिलं होतं. वाचून झाल्यावर मी उठलो, चहा टाकला, आणि ओतताना पाहिलं तर ओट्यावर दोन कप मांडलेले. संध्याकाळभर जिन्यात पाय वाजला की मी टीव्हीचा आवाज कमी करत होतो. मी घाबरलो. चार वर्षं जी गोष्ट मी मुश्किलीने खाली बसवली होती ती एका मोबाइलमधल्या नाटकाने पुन्हा उभी केली होती. तोही परत येतो तर तिने काय घोडं मारलंय, असं मन म्हणायला लागलं होतं. साठी उलटलेल्या माणसाचं मन.

रविवारी मी गाडीने पेणला उतरलो, मिनीडोर रिक्षात बसून गावात गेलो. देवळाच्या सभामंडपात नाटक बसवणाऱ्या मंडळाची बैठक होती. मी म्हटलं, हे मी करणार नाही आणि कुणी करू नये.

नाटकवाला चिडला नाही. समजुतीने म्हणाला, "काका, लोक घरी रडतातच. जत्रेला येऊन पन रडायचा काय? जरा खूश होऊन जाऊदे ना त्यांना."

पोरगं वाईट नव्हतं, आणि त्याचं म्हणणंही वाईट नव्हतं. मी विचारलं, "तो खांडीतून पलीकडे खाडीत गेला ना?"

"व्हय."

"म्हणजे तो तिथून निघाला. मग खांड कशाने बुजली?"

बसलेल्यांत दोन-तीन म्हातारे होते, त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "तो बाहेर निघाला तर खांड उघडी राहिली. पाणी शेतात आलं. मग गावाने वीस वर्षं भात कुठला खाल्ला? तुझ्या नाटकातली ती पोरगी कोणाच्या भातावर शिकून साहेबीण झाली?"

"काका, येवढा विचार कोन करतो?" डोलवीवाला म्हणाला.

"तो वाचला असा दाखवू, आन् मागना जेसीबी आला," दुसरा म्हणाला. सगळे हसले. म्हातारेही हसले. त्यांच्याही शेतात आता भात नाही, गवत उभं आहे; बांध कधी फुटला आणि कुणी बुजवला याची चौकशी गावात कुणी करत नाही. पोरांना खांड म्हणजे नाटकातली एक जागा वाटत होती, जिथे माणूस शिरतो आणि निघतो.

मी म्हटलं, "अरे, पण ज्यांनी त्याच्या अंगावर चिखल टाकला ते आपणच ना? दरवर्षी टाकतो. माझ्या बायकोने टाकला. तो जिवंत निघाला तर आपण तो कशावर टाकला?" माझा आवाज चढला होता. देवळात एवढ्या मोठ्याने बोलू नये हे कळत होतं, तरी बोललो.

भावाने मला बाजूला नेलं. "दादा, एक साल कर. पोरांचा मन राहील. महिनाभर तालमी हायत, घरीच राहा. तुला पन जरा चार मानसात बरा वाटंल."

त्याने नेमकं तिथेच बोट ठेवलं. महिनाभर गावात राहायला मिळणार होतं. भावजयीच्या हातचा गरम भात, संध्याकाळी तालीम, तालमीनंतर कट्ट्यावरच्या गप्पा, कुणीतरी "काका, उद्या येताय ना" असं विचारणार. माझ्या रोह्याच्या खोलीत मला उद्याबद्दल कुणी विचारत नाही. मला ते हवं होतं. इतकं हवं होतं की भावाच्या तोंडाकडे बघवेना. तरी मी नाही म्हटलं आणि जेवायला न थांबता निघालो. वाटेत स्वतःला शिव्या घातल्या, निदान जेवून तरी निघायचं होतं.

त्यानंतर कुणी आलं नाही. मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरून मला कुणी काढलं नाही, एवढी मुर्वत त्यांनी ठेवली. त्यामुळे तालमींचे फोटो रोज दिसत राहिले. माझ्या जागी पेणजवळच्या वाशी नाक्याकडे भाजीचं दुकान असलेला एक गृहस्थ घेतला होता, अंगाने भरलेला. वडेवाला म्हणून शोभत होता, खोटं कशाला बोलू. फोटोत सगळे जमिनीवर बसून एका परातीतली भजी खाताना दिसायचे. मी फोटो मोठा करून परातीत किती उरलीत ते पाहायचो आणि मग स्वतःच्या या असल्या वागण्याचा राग येऊन फोन पालथा ठेवायचो.

जत्रेच्या संध्याकाळी मी कुंडलिका नदीच्या काठाने चालत सुटलो. धाटावहून सुटलेल्यांची बस आली, माणसं उतरली, डबे हलवत घरोघर गेली. ओळखीचा एकही चेहरा नव्हता. माझ्या बरोबरचे निवृत्त होऊन आपापल्या गावी गेले. तेवढ्यात भावाचा फोन आला. तो काही बोलला नाही, त्याने नुसता फोन लाउडस्पीकरकडे धरला होता. "बाबा" अशी किंकाळी ऐकू आली आणि पाठोपाठ शिट्ट्या, टाळ्या, फटाक्यांची माळ. खूश होते लोक. मला आतून वाटत होतं की निदान एक क्षण तरी सगळे गप्प बसतील. कुणी बसलं नाही. मी फोन बंद केला आणि घरी येऊन सकाळचा भात खाल्ला.

पंधरवड्याने रोह्याच्या बाजारात मला आमच्या गावची एक बाई भेटली. ती खाडीचं मीठ आणि सुकट घेऊन विकायला येते. नात्याने वैनी लागते. तिचा एकुलता मुलगा तीन वर्षांपूर्वी मोटारसायकलवरून कामाला जाताना वडखळच्या नाक्यावर अपघातात गेला. ती उन्हात पाटीमागे बसली होती. मी चुकवून जाणार होतो, तिनेच हाक मारली. "भावजी, औंदा आलाव नाय?"

"नाही जमलं," मी म्हटलं. "तुम्ही पाहिलंत नाटक?"

"पायला ना. लय भारी केला पोरांनी. तो म्हातारा वडा तलताना पोरीनी त्याचा हात धरला, आख्खा गाव हसाया लागला. मी पन हसली."

बैठकीत मी आवाज चढवला तेव्हा माझ्या मनात हीच बाई होती. मुलगा गेला त्यानंतरच्या जत्रेत ती वर आली होती. गोळा हातात घेऊन कितीतरी वेळ नुसती उभी राहिली, मग तो तिने टाकला नाही, माझ्या खांद्यावर अलगद ठेवला आणि वर तळहाताने लिंपला. तोवर ती पोरासाठी रडलेली नव्हती, असं मागाहून भावजय म्हणाली. आणि हीच हसून आली होती. म्हणजे पोरांचंच खरं. माझ्या एकट्याच्या हट्टापायी मी महिनाभराची माणसं घालवली होती.

मी मीठ मागितलं. तिने मापात मीठ घेतलं आणि माप तसंच धरून ठेवलं.

"मंग घरी गेली ना, पोराला फोन लावला," ती म्हणाली.

मला आधी कळलंच नाही.

"ती फोनातली बाई सांगते, नंबर बंद हाय. मना काय मायती नाय? बंदच हाय. तुमच्या अंगावर चिखल टाकला ना भावजी, तवापासना लावला नव्हता. आता रोज लावते. वडखळलाच गेला ना तो. मना वाटते, आसल तितंच कुटं, गाड्या धुवत बिवत. सुनबाय रागावते. मना पन समजते. पन हात जाते."

एक गिऱ्हाईक आलं, सुकटीचा भाव विचारून गेलं. तिने त्याला भाव बरोबर सांगितला. मग माझ्या पिशवीत मीठ ओतलं आणि पिशवीचं तोंड स्वतःच बांधत म्हणाली, "पुडच्या जत्रेला तुमी मरा, भावजी."

"मंडळ आता ते नाटक करणार नाही, वैनी. लोकांना नवीन आवडलंय."

"मंडल कशाला पायजे?" ती म्हणाली. "तुमी नुस्ता येऊन उभा राहा. चिखल मी आनते."

मी येतो म्हटलं.